पडदा सुटला

लिहायला मला दिवसातून दहा मिनिटं मिळतात. दुपारच्या उजेडात, खिडकीपाशी, जाड शाईच्या पेनानं. सून मोबाइलवर वेळ लावून जाते आणि तो वाजला की मी वाक्य अर्धं टाकून उठते. म्हणून हा मजकूर जरा ठिगळाठिगळांचा वाटेल. ठिगळं माझी आहेत, कापड खरं आहे.

मी विमल. वय सदुसष्ट. वर्ध्याच्या कडेला नालवाडीत राहते, माहेर सेलूचं. सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक लिहिली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोळ्याच्या आत काय काय असतं ते माझ्याकडून शिकू नका. मला एवढंच सांगायचंय की डोळ्यात विजा चमकायला लागल्या, काजळीसारखे कण उडायला लागले आणि एका बाजूनं अंधार सरकत आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि तिथे ‘पडदा’ हा शब्द तोंडातून काढू नका. का ते पुढे येतंच.

विमलीचा डावा डोळा

आमचे बाबा सेलूच्या शाळेत शिपाई होते. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तकं उन्हात घालायची, झुरळं झटकायची आणि परत लावायची, हे काम त्यांचं. त्यांच्यामागे जाऊन ती वाचत बसायचं काम माझं. सगळ्यात खालच्या खणात ‘काजळदरीची रुंजी’ या मालिकेची सात पुस्तकं होती. मी दर सुट्टीत सातही वाचायचे. वाचून झाली की पुन्हा पहिल्यापासून.

रुंजी ही कुंभाराची पोर. डोळ्यात काळं अंजन घातलं की तिला कोरड्या विहिरीच्या भिंतीत एक दरवाजा दिसायचा. त्यातून आत गेलं की काजळदरी. तिथे नदी डोंगर चढून जायची, आणि कवडीमामा नावाचा दुष्ट माणूस लोकांची नावं चोरून कवड्यांसारखी गळ्यात घालून फिरायचा. ज्याचं नाव चोरीला गेलं त्याला कोणी हाक मारू शकायचं नाही. मला त्या माणसाची एवढी भीती की झोपताना मी आपलं नाव तीनदा पुटपुटायचे. सातव्या पुस्तकाच्या शेवटी रुंजी एक पाय दाराच्या आत आणि एक बाहेर ठेवून उभी होती, आणि खाली छापलं होतं ‘समाप्त’. मी शेवटचं पान उलटंसुलटं करून पाहिलं होतं. कोणी असं समाप्त करतं का?

आता त्या काळच्या विमलीबद्दल. ही विमली एक नंबरची भैताड पोरगी. पुस्तकात लिहिलं होतं, ‘पांढऱ्या दुधाच्या झाडाचा चीक आणि सात दिव्यांची काजळी.’ सात दिवे आमच्या घरी कुठले? कंदिलाच्या काचेची काजळी खरवडली, आणि शाळेमागच्या रुईच्या झाडाचं पान तोडून त्यातून निघालेलं दूध त्यात कालवलं. दोन्ही डोळ्यांत घातलं नाही, एवढीच काय ती अक्कल. दरवाजा दिसला नाही. बाबांची चप्पल मात्र एका डोळ्यानंही लख्ख दिसली. रुईचा चीक विषारी असतो हे मला दहाव्या वर्षी कळलं, आणि डाव्या डोळ्यात जे फूल पडलं ते आजपर्यंत तसंच आहे. त्या डोळ्यानं मला माणूस उभा आहे की खांब, एवढंच कळतं. माणूस समजले तोही कधी कधी खांब निघतो.

म्हणजे माझा सगळा संसार, सगळी नोकरी, सगळं वाचन एका उजव्या डोळ्यावर झालं. हे नीट लक्षात ठेवा, म्हणजे पुढची भीती कळेल.

रुंजी म्हातारी झाली

माझी नात मैत्रेयी पुण्यात शिकते. एक दिवस तिचा फोन आला. “आजी, तुझ्या रुंजीचा पुढचा भाग निघालाय. त्याच लेखकानं लिहिलाय, आता खूप म्हातारा आहे म्हणे तो.”

मी म्हटलं, “मस्करी करू नको.”

चौथ्या दिवशी कुरिअर आलं. ‘रुंजी परत निघाली.’ मी पुस्तक घेऊन तसंच अर्धा तास बसून राहिले. उघडायची भीती वाटली. पन्नास-पंचावन्न वर्षं मनात जपलेल्या पोरीला भेटायचं, आणि ती आपल्याला ओळखणार नाही असं वाटत होतं.

उघडलं तर पहिल्याच पानावर रुंजी साठीची! पिठाची गिरणी चालवते, गुडघे धरून पायऱ्या चढते, आणि काजळदरीचं नाव काढलं तर म्हणते, लहानपणी ताप आला होता तेव्हाचं स्वप्न असेल. मला असा राग आला! माझे गुडघे दुखतात ते कमी होतं का, की हिचेही दुखवले? पण पुस्तक खाली ठेववेना. दळायला आलेली एक पोर रुंजीला विचारते, “तुमच्या विहिरीत दरवाजा आहे का?” आणि रुंजीच्या हातातलं पीठ सांडतं. तिथे मीही श्वास धरला.

तिसाव्या पानाच्या आसपास माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकली. मला वाटलं बाहेर आभाळ आलं. खिडकीतून पाहिलं तर लख्ख ऊन. मग कण उडायला लागले. मी पुस्तक झटकलं, चष्मा पुसला. कण तिथेच.

खरं सांगते, मला त्याच दिवशी कळलं होतं की हे काहीतरी वेगळं आहे. पण घरात सांगितलं तर वाचन बंद करतील, ही धास्ती त्याहून मोठी. सदुसष्टाव्या वर्षी मी परत विमली झाले होते. चार दिवस मी कोणाला काही बोलले नाही. पाचव्या दिवशी पानाच्या खालच्या ओळी दिसेनात. जणू कोणी खालून काळा कागद सरकवत होतं.

पिकू द्या

माझी सून सुजाता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कष्टाळू बाई, पण तिचं माझं फार जमायचं नाही. तिच्या हातात वह्यांशिवाय दुसरं पुस्तक दिसलं तर ते बँकेचं पासबुक, असं मी सगळ्यांसमोर म्हणायचे. ती ऐकून घ्यायची.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, “डोळ्यावर पडदा आल्यासारखा वाटते वो.”

तिनं लगेच डॉक्टरकडे फोन लावला. “आमच्या सासूबाईंच्या डोळ्यावर पडदा आला आहे.”

पलीकडची मुलगी म्हणाली, “मोतीबिंदू असेल ताई. मॅडम बाहेरगावी आहेत, बुधवारी आणा. घाईचं काही नाही.”

आपल्याकडे डोळ्यावर पडदा आला म्हणजे मोतीबिंदू. शेंबड्या पोरालाही माहीत. विहारातल्या बाया भेटायला आल्या, जयभीम घातला आणि एकीनं सांगितलं, “घाबरू नोका काकू. मोतीबिंदू आहे न, पिकू द्या. कच्चा काढला तर तरास देते.” दुसरीच्या सासऱ्याचा तर दोन वर्षं पिकत होता. मीही मान डोलावली. काळा कागद रोज एक बोट वर सरकत होता आणि आम्ही आंब्यासारखी पिकायची वाट पाहत होतो.

निदानाचा दिवस

बुधवारी मी, सुजाता आणि माझा मुलगा संघपाल गेलो. डोळ्यात थेंब टाकले, बुबुळ मोठं होईपर्यंत बाकावर बसवलं. मग मॅडमनी कपाळाला दिवा लावून डोळ्यात पाहिलं. वर बघा, खाली बघा, उजवीकडे. मग परत सगळं पहिल्यापासून.

“यांचा पडदा सुटला आहे,” त्या म्हणाल्या.

संघपालनं खिशावर हात ठेवून सुस्कारा सोडला. “सुटला न? बरं झालं मॅडम. आमाले वाटलं आपरेशनच लागते का काय!”

सुजातानं तर तिथूनच मैत्रेयीला फोन लावला. “आजीचा पडदा सुटला वो बाई, आपोआपच!”

मॅडम खुर्चीवरून उठल्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज. “फोन ठेवा आधी. नीट ऐका. डोळ्याच्या आतल्या भिंतीला जो पडदा चिकटलेला असतो, ज्यावर चित्र उमटतं, तो भिंतीवरून सुटला आहे. ओल आलेल्या भिंतीचे पोपडे सुटतात तसा. अर्ध्याहून जास्त सुटलाय. मधली जागा, जिनं आपण वाचतो, ती अजून धरून आहे, पण काठावर आहे. आज नाही तर उद्या तीही जाईल. नागपूरला निघा. आत्ताच.”

मग सुजाता हळूच म्हणाली, “पण आम्ही तर आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, पडदा आला म्हणून.”

“पडदा आला म्हणाल्या असाल तर कोणीही मोतीबिंदूच समजेल,” मॅडम म्हणाल्या. त्या रागावून नाही बोलल्या. पण सुजाताच्या हातातली पिशवी खाली पडली ती मी ऐकली.

दुसऱ्या डोळ्याचं विचारलं तेव्हा मी रुईच्या चिकाची गोष्ट सांगितली. मॅडमनी पेन ठेवलं. “म्हणजे एकच डोळा आहे तुम्हाला?”

“हाव,” मी म्हटलं. “तोही वापरलेला.”

कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. गंमत करायची सवय आहे म्हणून तोंडातून निघालं.

नागपूरच्या रस्त्यावर गाडीत मी विचारलं, “सेलू आलं का?”

संघपाल म्हणाला, “मागं गेलं न आई. तुमच्याच बाजूनं.”

माहेर माझ्या बाजूनं गेलं आणि मला दिसलं नाही. तेव्हा पहिल्यांदा मी रडले. सुजाता शेजारी होती, पण तिनं माझा हात धरला नाही. तिचे हात आपल्याच पदरात गुंडाळलेले होते. मला वाटलं, आत्ता सांगावं की विजा आधीपासून चमकत होत्या. नाही सांगितलं.

पालथे

ऑपरेशनला डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो. कोणाला हे करायचं असेल तर सांगते, दुखत नाही. पण डोळ्याच्या आत काळ्या काड्या हलताना दिसतात, आणि डॉक्टर आपसात जे बोलतात ते सगळं ऐकू येतं. एकदा “अरे” असं ऐकू आलं. त्या एका “अरे”वर मी पुढचा पाऊण तास काढला.

मग डोळ्यात हवेचा बुडबुडा भरतात. बुडबुडा नेहमी वर चढतो. त्यानं मागचा पडदा दाबून धरावा असं वाटत असेल, तर माणसानं तोंड जमिनीकडे ठेवायचं. दहा दिवस. झोपताना पालथं, बसताना मान खाली. तासातून दहा मिनिटं सुटी, तीही संडासासाठी.

पहिले तीन दिवस दवाखान्यात. आमच्या खोलीत पडद्यापलीकडे, म्हणजे कापडाच्या खऱ्या पडद्यापलीकडे, जामच्या चौकात चहाचं दुकान असलेले एक बोरकरभाऊ होते, तेही पालथे. तीन दिवस आमचं बोलणं चाललं, पण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. जेवायला जाताना मला त्यांचे फक्त पाय दिसायचे, तेही अंधुक.

“ताई, तुमी कोन्त्या गावच्या?”

“नालवाडी.”

“मंग आमच्या दुकानात चहा पेल्या असान. सगळेच पेतात.”

“चेहरा दाखवा, मग सांगते.”

“आता दोघंही तोंड लपवून राह्यलो न,” ते म्हणाले, “चोरी केल्यावानी.”

तिसऱ्या दिवशी त्यांना तपासणीला नेलं आणि परत आणलं. त्यांचा पडदा पुन्हा सुटला होता. दुसरं ऑपरेशन. त्यांच्या बायकोचा हुंदका मी पालथ्यानं ऐकला. त्यानंतर मी गंमत केली नाही. माझी मान दुखत होती आणि मी ती एक बोटभरही हलवली नाही, जेवतानाही नाही.

बाज

घरी आल्यावर संघपालनं डोकं चालवलं. बाजेच्या उशाकडची नवार सोडून तिथे तोंडाएवढी जागा केली, कडेला जुन्या चादरी गुंडाळल्या. मी बाजेवर पालथी, तोंड त्या भोकातून खाली. खाली फरशी. फरशीवर चहाचा कप, त्यात नळी. चहा नळीनं पिऊन पाहा कधी, म्हणजे कळेल आजारपण काय असतं.

घरात ताण होता. संघपाल सुजाताशी नीट बोलत नव्हता. स्वयंपाकघरातून एकदा त्याचा आवाज आला, “एक फोन नीट करता आला नाई तुले?” भांडी घासल्याचाच आवाज. मी बाजेवरून ओरडून सांगायला हवं होतं. माझं तोंड फरशीकडे होतं, पण जीभ तर मोकळी होती. गप्प राहिले. ही लाज मी अजून कोणाला सांगितली नव्हती, आज लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुजाता बाजेखाली सरकून बसली. तिनं दहा दिवसांची रजा काढली होती. मला तिचे फक्त गुडघे, तेही पाण्यात पाहिल्यासारखे. तिच्या हातात पुस्तक होतं.

“कुठपर्यंत आलत्या?” तिनं विचारलं.

“तुले वाचता येते?” मी म्हटलं. वाईट बोलले, पण सवय.

“पासबुक येते,” ती म्हणाली. “हे पाहते जमते का.”

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. शाळेतल्या बाईसारखं, प्रत्येक जोडाक्षर फोडून. रुंजीचं बोलणं ती मोठ्यानं वाचायची आणि कवडीमामाचं हळू. लहानपणी मी वाचताना कवडीमामाचा आवाज माझ्या मनात गडगडायचा. सुजाताच्या हळू आवाजात तो जास्त भीतीदायक झाला. रोज दोन प्रकरणं. तिचे पाय अवघडायचे, ती पाय बदलायची, पण थांबायची नाही.

सहाव्या दिवशी एक गोष्ट घडली. या भागात म्हातारी रुंजी अंजन शोधत फिरते आणि शेवटी तिला कळतं की अंजनाची गरजच नव्हती. दरवाजा साध्या डोळ्यांना दिसायचा. अंजन विकणारा कवडीमामाच होता, पोरांना आपल्या हाताखाली ठेवायला त्यानं ती थाप मारली होती.

मी बाजेच्या भोकातून म्हटलं, “परत वाच.”

सुजातानं परत वाचलं.

“अरे बाप्पा! मग माझा डोळा कायले घेतला त्यानं?” आणि मला असं हसू फुटलं की सगळी बाज करकरली. हसता हसता रडू आलं.

“आई, मान! मान हलवू नोका!” सुजाता खालून ओरडली. तिनं दोन्ही हात वर करून माझं कपाळ धरलं. तिचे तळवे थंडगार होते. हसणं थांबलं तरी तिनं हात काढले नाहीत. एवढी भीती मी तिच्या हातात कधी पाहिली नव्हती. मला तेव्हा कळलं की डोळा माझा एकटीचा राहिला नाही. तो गेला असता तर ती जन्मभर तो फोन ऐकत राहिली असती.

शेवटचं प्रकरण

दहाव्या दिवशी शेवटचं प्रकरण. सुजातानं वाचलं की रुंजी विहिरीत उतरली. मग ती थांबली. पान उलटल्याचा आवाज झाला नाही. मी विचारलं, “काय झालं?”

“काही नाई. घसा.” ती पाणी प्यायली आणि पुढे वाचू लागली, भरभर, जोडाक्षर न फोडता. रुंजी काजळदरीत गेली, कवडीमामाच्या गळ्यातली माळ तोडली, सगळ्यांची नावं सोडली, आणि विहिरीतून वर आली. वर लोक जमले होते. तिनं आंघोळ केली, कढी आणि सांबारवडी खाल्ली आणि निवांत झोपली.

“सांबारवडी लिहिलंय?” मी म्हटलं.

“हाव.”

आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं तर तो इडलीसोबतचं समजेल. आणि लेखक तर तिकडचा. मी म्हटलं, “म्हातारपणी सुधारला बरं का माणूस.” खालून पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

बुडबुडा

पालथेपण संपलं, भीती संपली नाही. बुडबुडा हळूहळू लहान होत जातो आणि त्याच्या वरच्या कडेनं जग दिसायला लागतं, भरलेल्या माठाच्या काठावरून डोकावल्यासारखं. चाललं की कड डुचमळते. रोज सकाळी डावा डोळा झाकून मी खिडकीच्या गजांकडे पाहायचे. पाच गज. पाचही दिसले की चहा प्यायचे. एक दिवस चारच दिसले. मी तोंड धुतलं, परत पाहिलं, परत चार. मग सुजाता आली आणि खिडकीत वाळत घातलेला टॉवेल काढून घेतला. त्यामागे पाचवा होता.

एकदा तपासणीला नागपूरला गेले. तिथे बाकावर बोरकरभाऊंची बायको भेटली. मी आवाजावरून ओळखलं. त्यांचं दुसरं ऑपरेशन झालं होतं, बोटं मोजण्याएवढं दिसतं म्हणाली. ती माझ्या डोळ्याकडे पाहत होती आणि मला तिच्याकडे पाहवेना.

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “पडदा बसलाय.” मी लगेच विचारलं, “बसलाय म्हणजे चांगलं की वाईट?” हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला असेल. ते हसले. “चांगलं. पण मधल्या जागेला थोडा धक्का लागलाय. सरळ ओळ वाकडी दिसेल. किती सुधारेल ते सांगता येत नाही. आणि पुन्हा सुटणारच नाही असं मी म्हणणार नाही. वीज चमकली तर त्याच तासाला या. दिवसातून दहा मिनिटं वाचा.”

दहा मिनिटं

पहिल्या दहा मिनिटांत काय वाचायचं हे ठरलेलंच होतं. सुजाता शाळेत गेली होती. मी भिंग घेतलं, चष्मा लावला आणि शेवटचं प्रकरण काढलं. ओळी नाल्यासारख्या वळत होत्या, पण अक्षर अक्षर करत कळत होतं. पहिलं पान: रुंजी विहिरीत उतरली. पानाच्या तळाशी शेवटचं वाक्य: ‘आणि दोन पायऱ्या खाली गेल्यावर रुंजीला काहीच दिसेनासं झालं.’

पुढचं पान उलटायला गेले तर उलटेना. छापखान्यात कापायचं राहिलेलं. पुढची सगळी पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली, नवी करकरीत. त्यांच्यात कोणी बोटही घातलं नव्हतं.

मी भिंग ठेवलं. मोबाइल वाजला नव्हता, तरी ठेवलं.

सुजाता आली तेव्हा मी ओट्यावरची सुरी घेऊन बसले होते. तिनं पुस्तक पाहिलं, सुरी पाहिली आणि दारातच उभी राहिली.

“सांबारवडी कोन्त्या पानावर आहे वो?” मी विचारलं.

तिनं पिशवी खाली ठेवली. “आई, तिथं लिहिलं होतं का तिले दिसेनासं झालं. तुमी पालथ्या, डोळा हा असा. मी पुढं काय वाचू? मले भेव वाटला. पानं जोडलेली होती ते बरंच झालं, मी पाह्यलंच नाई.”

“मग सांबारवडी?”

“सकाळीच केलती. दुसरं काही सुचलं नाई.”

मला हसू येत होतं, पण आधी दुसरं सांगायचं होतं. दोन महिने ते माझ्या जिभेवर बसलं होतं. “सुजाता, तुझ्या फोनच्या आधी चार दिवस विजा चमकून राह्यल्या होत्या. मी सांगितलं नाई. पुस्तक बंद कराल म्हणून. उशीर तुझ्यानं नाई झाला. माझ्यानं झाला. संघपाललेही सांगते आज.”

ती खाली बसली, भिंतीला टेकून. चेहरा दोन्ही हातांनी झाकला. मला वाटलं आता ही उठून जाईल, आणि गेली असती तर मी काही म्हणाले नसते. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “लय वाईट हा तुमी, आई.”

“हाव,” मी म्हटलं.

“द्या ती सुरी. तुमी बोट कापान.” तिनं एकेक पान जपून कापलं, कडेची कतरण फुंकून टाकली आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. स्वतः वाचायला घेतलं नाही. मोबाइलवर दहा मिनिटं परत लावली, हे नियमात नव्हतं, आणि गुडघे जवळ घेऊन माझ्या पायाशी बसली.

मी भिंग ओळीवर धरलं. अक्षरं वळली, थरथरली, थोडी थांबली.

“दिसते का वो तिले पुढं?” तिनं विचारलं.

“थांब न माय,” मी म्हटलं. “ओळ वाकडी आहे. हळूहळू जाते.”